सहाशे फुटांचा फुटपाथ

एल्मफील्ड, इलिनॉय
२७ ऑक्टोबर १९९६

प्रिय प्रतिमा,

सप्रेम जयभीम.

काल शनिवारी सकाळी मी एका फुटपाथचं उद्घाटन केलं. हसू नकोस. खरोखरची लाल फीत होती, खरोखरची कात्री होती, आणि ती कात्री इतकी मोठी होती की मला दोन्ही हातांनी धरावी लागली. थंडी म्हणून साडीवर मनोहरचं जाकीट आणि पायात कॅनव्हासचे बूट. तशा अवतारात माझा फोटो इथल्या साप्ताहिकात येणार आहे. उत्तराला उशीर झाला तो याचसाठी. म्हटलं, हे एकदा पार पडू दे, मग प्रतिमाला सगळं पहिल्यापासून लिहू. आज रविवार आहे. मनोहर अंगणातली मेपलची पानं गोळा करतोय, उपासना मैत्रिणीकडे गेली आहे, आणि मी चहाचा मोठा कप घेऊन बसले आहे. तूही बैस.

आम्ही राहतो त्या जागेला हे लोक 'व्हिलेज' म्हणतात, म्हणजे चक्क खेडं. शॉमबर्ग नावाच्या मोठ्या उपनगरापासून वीस मिनिटांवर आहे, चकाचक ऑफिसं आहेत, दुकानं अशी की आत माणूस हरवावा, पण कागदोपत्री खेडंच. गावाचा कारभार सहा ट्रस्टी आणि एक अध्यक्ष बघतात. त्यांना सल्ला द्यायला गावातल्याच साध्या माणसांच्या समित्या असतात. त्यांना म्हणतात कमिशन. मी कमिशनवर आहे असं फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या भावाला वाटलं की मी घरं विकायची दलाली सुरू केली! तसलं कमिशन नव्हे. यात एक पैसा मिळत नाही. महिन्यातून एकदा संध्याकाळी जायचं, पाणचट कॉफी प्यायची आणि गावाचं भलं कशात आहे यावर वाद घालायचा. झाडांचं कमिशन वेगळं, म्हाताऱ्या माणसांचं वेगळं, चार जुलैच्या मिरवणुकीचं वेगळं. मी आहे ती साइडवॉक कमिशनवर. साइडवॉक म्हणजे आपला फुटपाथ.

तुला माहीत आहे, मी गाडी चालवत नाही. दोनदा परीक्षा दिली. दुसऱ्या वेळी परीक्षकानं स्वतःच हँडब्रेक ओढला आणि म्हणाला, "मॅडम, वुई आर डन." तेव्हापासून मी पायीच. इथं पायी चालणारा माणूस म्हणजे संकटात सापडलेला माणूस. मी लायब्ररीत जायला निघाले की आठवड्यातून एखादी तरी गाडी थांबायची आणि आतली बाई काच खाली करून विचारायची, "तुमची गाडी बंद पडली का?" नाही म्हटलं की तिला जास्तच काळजी वाटायची. आमच्या वसाहतीचा फुटपाथ कोपऱ्यापर्यंत छान होता. पुढं लायब्ररीपर्यंत सहाशे फूट काहीच नाही. एका बाजूला सहा घरांची मखमली हिरवळ, दुसऱ्या बाजूला ताशी पन्नास मैलांनी धावणाऱ्या गाड्या, मधून मी आणि माझी निळी पिशवी. हिवाळ्यात बर्फ बाजूला सारणारं यंत्र सगळा ढिगारा नेमका तिथंच लोटायचं, मग रस्त्यावर उतरण्यावाचून गत्यंतर नसे. त्र्याण्णवच्या जानेवारीत मी तिथं घसरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. तुला तेव्हा लिहिलं नाही. लिहिणार कशी? हातच प्लास्टरमध्ये होता.

प्लास्टर निघाल्यावर पहिल्यांदा लायब्ररीत गेले, तर फळ्यावर एक हिरवा कागद होता: गावच्या समित्यांसाठी माणसं हवीत. खाली यादी. त्यात साइडवॉकचं नाव वाचलं आणि माझा हात आपोआप फॉर्मकडे गेला. फॉर्मवर एक रकाना होता, 'या विषयातला तुमचा अनुभव'. बराच वेळ पेन चावत बसले. मग लिहिलं, 'अकरा वर्षं चालते आहे. एकदा पडले आहे.' गावच्या कचेरीत मिसेस डोनोव्हन नावाच्या क्लार्कबाई आहेत, साठीच्या, चष्म्याला साखळी लावलेल्या. त्यांनी ते वाचलं आणि इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मी म्हटलं, मी अजून इथली नागरिक नाही, ग्रीनकार्डवर आहे, चालेल का? त्या म्हणाल्या, "ही सल्लागार समिती आहे. तुम्ही इथं राहता ना? मग झालं." प्रतिमा, हे वाक्य मी घरी येईपर्यंत तोंडातल्या तोंडात घोळवत होते. किती सहज म्हणाल्या गं. जणू प्रश्न विचारण्यासारखा नव्हताच.

मग शपथविधी. उजवा हात वर करून शपथ घ्यायची, तोच मोडलेला हात. उपासना तेव्हा तेरा वर्षांची. मागच्या खुर्चीत बसून "मॉम, डोन्ट क्राय, प्लीज" असं ओठांनी सांगत होती. मी कुठली ऐकते! मनोहरनं घरी येऊन बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं पेढे ठेवले. दुधाच्या पावडरीचे होते, पण पेढेच.

आणि एवढं सगळं होऊन मी पुढं काय केलं, सांगू? काही नाही. दोन वर्षं तोंड उघडलं नाही. इथं रीत अशी की एकानं ठराव मांडायचा आणि दुसऱ्यानं 'सेकंड' म्हणून अनुमोदन द्यायचं, तरच चर्चा. मी सगळ्यांच्या ठरावांना सेकंड म्हणायची. शाळेपुढची पाटी, सेकंड. सायकलींचे पट्टे, सेकंड. उपासना मला घरात 'सेकंड लेडी' म्हणायला लागली. पण ज्या सहाशे फुटांसाठी मी तिथं गेले होते त्यांचं नाव काही जिभेवर येईना. त्या सहा घरांचे मालक गावातले जुने लोक; पूर्वी एकदा तिथं फुटपाथ आखला गेला तेव्हा त्यांनीच तो अडवला होता. ती हिरवळ कागदावर गावाच्या मालकीची, पण वीस-बावीस वर्षं तेच ती कापतात, तेच पाणी घालतात. मी काल आलेली, उच्चार असे, साडी अशी. मी कोण त्यांना सांगणार की तुमच्या दारातून वाट काढा?

याच वेळी मला नागपुरातलं एकोणसत्तर साल फार आठवायला लागलं. आपल्या गल्लीतलं ते उघडं गटार आठवतं ना? तूच वहीचे कागद फाडून अर्ज लिहिलास, आपण दोघींनी दारोदार फिरून एकशेबारा सह्या आणि अंगठे गोळा केले. वॉर्ड ऑफिसात बुधवारी अकराला जायचं ठरलं होतं. आणि बुधवारी मला ताप आला. प्रतिमा, मला ताप आला नव्हता. आदल्या दिवशी बाबा म्हणाले होते, "मी सरकारी नोकरीत आहे, तुझं नाव कुठं यायला नको." मी त्यांच्याशी भांडू शकले असते, निदान तुला खरं सांगू शकले असते. मी पांघरूण घेऊन पडून राहिले. तू एकटी गेलीस. त्या बाबूनं तुला साडेपाचपर्यंत बाकावर बसवलं आणि तू बसलीस. संध्याकाळी थेट माझ्याकडे आलीस, कपाळाला हात लावून पाहिलंस आणि म्हणालीस, "उतरला वाटतं. अर्ज घेतला गं त्यांनी." तुझ्या हाताला कळलं असणार. तरी तू बोलली नाहीस, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. तीन महिन्यांत गटारावर फरश्या बसल्या. लोक म्हणायचे, दोन पोरींनी काम केलं. मी ते ऐकून घ्यायची. सत्तावीस वर्षं हे तुला सांगायचं राहून गेलं होतं. आज लिहिलं.

असो. गेल्या वर्षी मार्चमध्ये मी ठरवलं की आधी त्या सहा घरी जायचं. ठराव नंतर. आपण सह्यांना जायचो तशीच गेले, दारोदार. पाच घरी नीट बोलले लोक. दोघं हो म्हणाले, तिघं बघू म्हणाले. सहावं घर मिस्टर हॉफमन यांचं. ऐंशीचे आहेत, एकटे राहतात, आणि विरोधकांचे पुढारी तेच. दार उघडून मला पाहिलं आणि म्हणाले, "निळ्या पिशवीवाली बाई! मला वाटायचं, तुम्हाला चालायची हौस आहे." मी म्हटलं, "हौस आहेच, पण रस्त्यावरून नाही." त्यांनी मला बाहेर नेलं आणि एक झाड दाखवलं. रानसफरचंदाचं, बुटकं, वेडंवाकडं. त्यांच्या बायकोनं, रूथनं लावलेलं. ती जाऊन सहा वर्षं झाली. गावच्या इंजिनियरनं तेव्हा आखलेली रेषा बरोबर त्या झाडातून जात होती. "मला फुटपाथचं काही नाही," ते म्हणाले, "पण हे मी कापू देणार नाही." इतकी वर्षं हा माणूस का अडून बसला आहे हे कमिशनला ठाऊकच नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. मी त्यांना म्हटलं, "मग वाट झाडाला वळसा घालून नेऊ." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हे इतकं सोपं होतं?

सोपं नव्हतं. इंजिनियर म्हणे, साइडवॉक सरळच असतो. पुन्हा मोजणी झाली, दोन मीटिंगा पुढं ढकलल्या गेल्या. शेवटी ऑक्टोबरात जाहीर सुनावणी लागली. एरवी आमच्या मीटिंगला चार माणसं आणि एक झोपलेला वार्ताहर असतो. त्या दिवशी साठ लोक. बहुतेक विरोधातले. आज तुमच्या दारातून, उद्या आमच्या, असा सूर. अध्यक्षांनी विचारलं, ठराव कोण मांडतंय? सगळे आपापले कागद चाळू लागले. मग माझा आवाज मलाच ऐकू आला, "आय मूव्ह." म्हणजे, ठराव मी मांडते. काय बोलले ते सगळं आठवत नाही. मनगटाचं बोलले. कोपऱ्यावरच्या मिसेस पीटरसन वॉकर घेऊन लायब्ररीत जाऊ शकत नाहीत ते बोलले. "इथं राहणाऱ्या माणसाला पायी चालता आलं पाहिजे," असं म्हटलं आणि खाली बसले. सेकंड कोणी द्यायच्या आत मागून मिस्टर हॉफमन काठी टेकत माइकपाशी आले. सगळ्यांना वाटलं, आता हे ठराव उडवणार. ते म्हणाले, "मी त्या घरात बावीस वर्षं राहतो. या बाईंखेरीज माझ्या दारी कोणी चालत आलेलं नाही. फुटपाथ झाला तर कदाचित आणखी कोणी येईल." आणि जाऊन बसले. प्रतिमा, त्यानंतर विरोधात बोलायला ज्यांनी नावं दिली होती त्यांतले निम्मे उठलेच नाहीत. आमच्यात चार विरुद्ध एक, आणि पुढं ट्रस्टींच्या बोर्डात चार विरुद्ध दोन असा ठराव पास झाला. मागच्या खुर्चीतून उपासनानं शिट्टी वाजवली. मुलीच्या जातीला शोभतं का, असं माझी आई म्हणाली असती. मला विचारशील तर तिला फार शोभली.

या उन्हाळ्यात काँक्रीट पडलं. काल फीत कापल्यावर मिसेस पीटरसन वॉकर घेऊन पहिल्या निघाल्या, त्यांच्यामागं तीन बाबागाड्या, दोन कुत्री, मिसेस डोनोव्हन, आणि मिस्टर हॉफमन आपल्या दारात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सफरचंदाचं सायडर पाजत होते. मनोहरनं चिवडा वाटला. तिखट लागून वार्ताहराच्या डोळ्यांत पाणी आलं आणि बाकीच्यांना वाटलं, तो भारावला. इतकी हसले मी काल, की रात्री पोट दुखत होतं.

आता मुद्द्याचं. तू लिहिलंस की येत्या महापालिका निवडणुकीत आपला वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आहे, वस्तीतली मंडळी तीनदा तुझ्या दारी आली, आणि तू तिन्ही वेळा नाही म्हणालीस. म्हणालीस, मी आपली शिवणवर्ग आणि पोरांची अभ्यासिका चालवणारी बाई, मला भाषण येत नाही, आणि प्रचाराला माझ्याबरोबर फिरणार कोण? भाषणाचं राहू दे, मलाही येत नाही. बरोबर फिरणार कोण, त्याचं उत्तर द्यायला हे एवढं लांबलचक लिहिलं. मी फिरणार. चार जानेवारीचं तिकीट काढलं आहे, निवडणूक होईपर्यंत नागपुरात आहे. मनोहर म्हणाला, जा, मी आणि उपासना पिझ्झा खाऊन जगू. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू म्हणशील त्या गल्लीपासून सुरुवात करू, एकही दार सोडायचं नाही. पत्र पोचायला बारा दिवस लागतात आणि तुझं उत्तर यायला आणखी बारा, तेवढा धीर मला नाही. त्या मंडळींना आजच निरोप धाड, आणि मला फोन करून फक्त 'हो' म्हण.

तुझीच,
शोभना