टेबल फॅनमागची गिटार

सानपाडा,
नोव्हेंबर १९९६

प्रिय आशू,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. आपल्या मजल्यावरची नमिता बंगलोरला येतेय, तिच्याबरोबर माझ्या गिटारची ती कॅसेट पाठव, एवढंच तू मागितलंस. तिच्या बॅगेत जागाही आहे. तरी काल मी तिला, कॅसेट सापडत नाहीये गं, असं तोंड वर करून सांगितलं. कॅसेट तेव्हा माझ्या समोर टेबलावर होती.

घरात सध्या जे चाललंय ते पाहिलंस तर हसशील. का चाललंय ते शेवटी सांगते, आत्ता धीर होत नाही. बाबांनी कपाटावरून तुझी गिटार काढली आहे. बातम्या आणि नाट्यसंगीत सोडून ज्यांनी काही ऐकलं नाही, ते आता सायकेडेलिक रॉकचा आवाज जमवताहेत, आणि तो शब्द म्हणताना अजून अडखळतात. वाशीहून नवा स्पीकर आणला आणि आवाज फाटका यावा म्हणून दाढीच्या ब्लेडने त्याच्या कागदाला चिरा मारल्या. तू मारल्या होत्यास तेव्हा दोन दिवस तुझ्याशी अबोला धरणारे हेच.

काय कुठे जोडायचं ते मी सांगते. मला सगळं पाठ आहे, कारण त्यातल्या एकेका गोष्टीवर मी कुरकुर केली होती. गिटारची वायर टू-इन-वनच्या माइकच्या भोकात. रेकॉर्ड आणि पॉझ एकदम दाबून ठेवायचं. आवाज इतका वाढवायचा की तो फाटलाच पाहिजे. मग स्पीकर टेबल फॅनच्या मागे, आणि फॅन एक नंबरवर. ऐन मे महिन्यात तू तो फॅन पळवायचास आणि मी स्वयंपाकघरात घामाघूम. परदेशातल्या जुन्या बँडवाल्यांचा आवाज असाच असायचा, पाण्याखालून हळूहळू वर आल्यासारखा, असं तू किती हौसेने समजावायचास. मी म्हणायचे, मग राहू दे की पाण्याखालीच.

आता बाबा एकच तार छेडत बसतात आणि मी पदर खोचून फॅनसमोर कान देते. जास्त फाटला, आता नाकातून येतोय, असं माझं चालू असतं. परवा सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. "वहिनी, मिक्सर बिघडलाय काय तुमचा? खालपर्यंत आवाज येतोय, टेन्शनच आलं." बाबांनी साठाव्या वर्षी गिटार सोफ्यामागे लपवली आणि मी सगळा आळ मिक्सरवर घातला.

एकदा मात्र अगदी जवळ गेलो. पंख्यातून तो सूर डुलत आला आणि मला तू बाल्कनीच्या दारात पाठमोरा बसलेला दिसलास, डावा हात तारांवर फिरवत, पाचही बोटांनी. बाबांनाही तेच दिसलं असावं. त्यांनी गिटार खाली ठेवली आणि चपला घालून निघून गेले. कारखान्यातल्या त्या प्रेस मशीनने तुझ्या त्याच हाताची दोन बोटं नेली, तेव्हापासून या घरात गिटारचं नाव कुणी काढलं नव्हतं. तूसुद्धा नाही. म्हणून तुझ्या पत्रातली ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली.

बाबांचं म्हणणं, टेपने कॅसेट खाल्ली असं लिहून टाक. नाहीतर आवाज जमला की तुमच्या बँडमधल्या हितेशला बोलावून वाजवून घेऊ, दुसरी कॅसेट भरू, आशूला कळणार नाही. आईबापाचं हे कारस्थान. पण तुला कळेल. गणपतीच्या आधी आमच्या भजनी मंडळाची वाशीला स्पर्धा होती. दुर्गाबाई म्हणाल्या, तालीम भरून ऐकू, म्हणजे चुका कळतील. घरात कोरी कॅसेट नव्हती. तुझ्या कॅसेटचे वरचे दोन्ही दात तू मोडून ठेवले होतेस, त्यावर कुणी काही भरू नये म्हणून. मी त्या खाचांवर चिकटपट्टी लावली आणि त्यावरच तालीम भरली. चुकून नाही, आशू. कॅसेटवरचं तुझं अक्षर मी वाचलं होतं. आता तो वाजवणार नाही, हे ऐकून त्याला त्रासच होईल, असं मीच ठरवून टाकलं. तुला विचारलंसुद्धा नाही. फोनवर तुझा आवाज ऐकून हे बोलायची मला लाज वाटते, म्हणून लिहितेय. नमिताकडे कॅसेट देतेय, चिकटपट्टी काढलेली नाही. लावलीस की आधी भजन येईल, त्यात माझा गळा सगळ्यात वर. शेवटी दुर्गाबाई, टाळ ठेवा गं, चहा झालाय, म्हणतात. खट् असं वाजतं, आणि मग तू सुरू होतोस. थोडाच वेळ, बाजू संपेपर्यंत. आम्ही त्यावरूनच जुळवत होतो. तेवढंच माझ्या हातून वाचलंय.

तुझीच,
आई