एकदा दुखलं म्हणा

३ जानेवारी
आजही काही नाही! ह्यांच्याच दुकानातली टाचणी, ह्यांच्याच पायाच्या अंगठ्याला टोचली. हे छताकडे बघत पडलेले. ‘टोचलंस का गं?’ मी म्हटलं, ‘थांबा, अजून नाही.’ रक्ताचा टिपका हळूच पुसून टाकला.

हे दुकानाच्या जिन्यावरून पडले, कण्याला मार बसला. ऑपरेशन झालं, पण कमरेखाली सगळं बधिर. एरवी शिवताना सुई बोचली तरी घर डोक्यावर घेणारा माणूस हा! मी वैतागायचे — ‘शिंपी आहात की तान्हं बाळ?’ आता तीच बोंबाबोंब ऐकायला कान आसुसलेत.

७ जानेवारी
पाय उडाला! टोचल्याबरोबर झटकन मागे! मी ओरडतच बाहेर गेले, नणंदेला मिठी मारली.

मग व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या ताईंनी विरजण घातलं. ‘पाय झटकायचा हुकूम कणा परस्परच देतो हो, डोक्याला विचारत नाही. दुखलं हे मात्र निरोप डोक्यापर्यंत पोचला तरच कळतं. ती वाट मधे तुटलीय.’

‘सगळी?’

‘नाही, थोडी शाबूत असावी. तपासत राहा, पण हलक्या हाताने.’

म्हणजे पाय घाबरतो आणि मालकाला पत्ताच नाही! स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

८ जानेवारी
माझ्याच बोटाला टोचून बघितलं. आधी लख्ख चटका. मग मागून, सावकाश, ठणका. किती साधी गोष्ट! अर्धी ह्यांना देता आली असती तर...

१३ जानेवारी
सासूबाईंचा फोन. ‘दुखत तरी नाही ना त्याला? तेवढंच बरं.’ हो म्हटलं. काय समजावणार?

२१ जानेवारी
‘आई गं!’ म्हणाले!! करंगळीला टोचलं आणि चक्क ओरडले! मी रडले, हसले, चहात मीठ घातलं. हे तो चहासुद्धा मुकाट्याने प्यायले. नणंदेने सगळ्या नातेवाइकांना कळवून टाकलं.

२२ जानेवारी
आज ह्यांच्या डोळ्यांवर टॉवेल टाकला. खात्री हवी होती — हावरेपणा, दुसरं काय! टाचणी हातात धरून नुसती बसले.

‘आई गं!’ — हे ओरडले.

मी टोचलंच नव्हतं.

‘वा! आज तर कालच्यापेक्षा जोरात!’ मी म्हटलं. टॉवेलखाली खुदकन हसले. काल माझा हात दिसत होता, एवढंच. माझ्यासाठी करताहेत हे सगळं. रोज माझं पडलेलं तोंड बघवत नसणार. राग आला, आणि इतकी माया दाटली की टाचणी सापडेना कुठे ठेवली ते.

२९ जानेवारी
मी रोज टोचते. हे रोज ओरडतात. दोघंही पक्के नाटकी! मला माझा तो खराखुरा रडका नवरा परत हवाय.

६ फेब्रुवारी
दुपारी ह्यांच्या पायाची नखं कापत होते. हे फोनवर गिऱ्हाइकाशी कॉलरवरून हुज्जत घालण्यात दंग. माझं लक्ष ह्यांच्या भांडणात — नेलकटर मांसात गेलं.

‘अगं ए बये! जीव घेतेस का?’

फोन खाली पडला. मग माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाले, ‘आत्ताचं खरं आहे गं.’