टाचेवरची कोरी चौकट

१९ जानेवारी, दुपारचे तीन

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण त्याहून जास्त आई कुरकुरते, म्हणजे सगळं जागच्या जागी आहे. तुझ्यासाठी तिने मोज्यांचा तिसरा जोड विणायला घेतलाय. दुसऱ्या जोडीतला एक मोजा आखूड निघाला, हे तू तिला कळवायला नको होतंस. तेव्हापासून ती रोज माझ्या पायावर माप घेते.

अक्षर वाकडं येतंय, सांभाळून घे. घाईत लिहितेय.

तुझं पत्र आज जेवणाच्या सुट्टीत आलं. आपल्या सवयीप्रमाणे मी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. ओढ्याजवळ बर्फात पावलांचे ठसे सापडले, साहेब गडबडले, मग तू वाकून पाहिलंस आणि छाती फुगवून सांगितलंस की हे आपलेच, हा सोल माझ्या ताईच्या कारखान्यातला आहे, मी झोपेतसुद्धा ओळखीन. साहेबांना पटलं. मागच्या तुकडीचे ठसे असतील म्हणून त्यांनी ओढ्यावरचा पहारा काढून वरच्या खिंडीत लावला. ‘ताई, तुझे बूट आमच्याआधी सगळीकडे फिरून येतात,’ असं तू लिहिलंस. सगळे हसले. मीही हसले. शिलाईवाल्या मावशींनी तर माझी पाठ थोपटली.

यंत्रवाले काका हसले नाहीत. त्यांच्याबद्दल मी तुला मागे लिहिलं होतं. सोल दाबायच्या नव्या यंत्राबरोबर दोन वर्षांपूर्वी ते सीमेपलीकडून आले आणि यंत्र रोज बिघडत असल्यामुळे इथेच राहिले. आपली भाषा मोडकीतोडकी बोलतात. आमच्याबरोबर जेवतात, मावशींच्या हातचं तिखट खाऊन रडतात. आज त्यांनी डबा बंद केला आणि ठसे कधीचे, एवढंच विचारलं. मी सांगितलं, गेल्या आठवड्यातले. मग त्यांनी मला साच्यांच्या खोलीत बोलावून फोनवर एक फोटो दाखवला. त्यांचा भाचा. तुझ्याच वयाचा, त्यांच्या लष्कराच्या कोटात, बर्फात बसलेला, पाय पुढे पसरलेले. दोन्ही सोल नीट दिसत होते.

धाकट्या, ते माझे सोल होते.

मी तिथेच रबराच्या थप्पीवर बसले.

आता नीट सांगते. गेल्या वर्षी आपल्या लष्कराची मागणी निम्म्यावर आली, तेव्हा कारखाना बंद पडायची वेळ आली होती. मालकांना पलीकडच्या एका व्यापारी कंपनीची मोठी मागणी मिळाली आणि तीनशे घरं वाचली. इथे सगळं असंच चालतं. सकाळी रेडिओवर आपले मंत्री सांगतात की एक इंचही सोडणार नाही. दुपारी त्यांचीच माणसं पलीकडच्या पाहुण्यांना आमचा कारखाना दाखवायला आणतात आणि आम्ही फरशी पुसून उभे राहतो. रबर त्यांचं, यंत्र त्यांचं, हात आमचे. त्यात वाईट वाटावं असं मला कधी वाटलं नाही. कागदावर लिहिलं होतं, ‘डोंगरी कामगारांसाठी’. साचा कोणता वापरायचा, ते वरून ठरलं.

नाही. वरून ठरलं नाही.

नवा साचा करायला सहा आठवडे लागणार होते आणि मालाची तारीख चार आठवड्यांवर होती. मालक डोकं धरून बसले होते. तेव्हा मीच म्हणाले, लष्कराचा जुना साचा वापरू, फक्त टाचेवरचा नंबर भरून सपाट करू. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. साचे माझ्याच ताब्यात, म्हणून नंबर मी स्वतः भरला, कानशीने स्वतः घासला. आणि ‘कामगार’ या शब्दावर माझा विश्वास होता असंही नाही. बारा हजार जोड एका रंगाचे, सगळे तरण्या पोरांच्या मापाचे. मला शंका आली होती. मी ती चहाबरोबर गिळली, कारण आईच्या औषधांपासून माझ्या मानापर्यंत सगळं त्याच कारखान्यात होतं. तू त्या सोलवर विश्वास ठेवलास, कारण तो माझा होता. मला याची इतकी लाज वाटते की आईच्या तोंडाकडे बघवत नाही.

तुझ्या चौकीचा फोन लागत नाही. गावातल्या लष्करी कचेरीत जाऊन आले. खिडकीतल्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि सोमवारी अर्ज घेऊन या म्हणाला. मी तिथेच ओरडले. त्याने खिडकी लावून घेतली. म्हणून हे पत्र रसदीच्या ट्रकवाल्याच्या हाती देतेय. तो चारला निघतो.

वाटेत हे पत्र कोणी साहेबांनी उघडलं, तर फार बरं. त्यांनी कृपा करून इथून पुढचं आधी वाचावं.

या कागदाच्या मागे दोन टाचांचे ठसे आहेत, शाई लावून मीच उमटवलेत. डावीकडच्या टाचेवर नंबर आहे, तो आपला. उजवीकडच्या टाचेवर नंबराच्या जागी कोरी चौकट आहे. नक्षी, काठ, खाचा, बाकी सगळं सारखं आहे. ओढ्यावर परत जा आणि टाच बघ. चौकट कोरी असेल, तर ते आपले नव्हेत, पलीकडच्या शिपायांचे आहेत. तू साहेबांना जे सांगितलंस ते चुकीचं आहे. ताईने चुकवलं असं सांग, माझं पद आणि कारखान्याचं नाव दोन्ही सांग. मालकांना मी संध्याकाळी सांगणार आहे. मागणी गेली तर जाईल. मावशींना काय सांगायचं, ते अजून सुचलेलं नाही.

कोऱ्या टाचेचा बूट मालाच्या खोलीतून काकांनीच आणून दिला. मी शाई लावताना ते शेजारी उभे होते. भावाला काय लिहिणार, म्हणाले. मी म्हटलं, खरं तेच. त्यांनी बूट उलटा करून कोऱ्या चौकटीवरून अंगठा फिरवला.

मग म्हणाले, “लिहा. पण आधी हाक मारा, असंही लिहा.”

म्हणून लिहितेय. पहारा लाव, सावध राहा, आणि अंधुक काही हललं तर गोळी झाडण्याआधी हाक मार. तो फोटोतला पोरगा मागे फिरेल किंवा फिरणार नाही, मला माहीत नाही. त्याच्या पायातलं रबर मी दाबलंय आणि तुझ्याही. तू मात्र मला हवास. हे मी कधी लिहिलं नव्हतं.

ट्रकवाला हॉर्न वाजवतोय. पत्र मिळाल्यावर एकच ओळ पाठव, तुझ्या हातची. तोवर तुझ्या प्रत्येक पावलाला घाबरणारी,

तुझी ताई