आनंदीबाईंच्या गळ्यातली घरघर

४ एप्रिल, सकाळी ९
संकल्प : आनंदीबाईंचे लग्नातले सगळे धवले रेकॉर्ड करायचे. पळसदरीत आमच्या आळीत हळद लागते ती त्यांच्या या गाण्यांवरच. वय ऐंशी, कागदावर एक ओळ नाही. हे काम माझ्याशिवाय कोण करणार? मोहोपाड्याला तीस वर्षं कंपनीचं स्टोअर सांभाळलंय, मशीन कळतं.
रेकॉर्डर आणला. सेकंदाला आवाजाची किती टिपणं घ्यायची, तो आकडा ४४,१०० होता. ८,००० केला. कार्डावर जागा वाचली. गाण्याला एवढी बारकाई कशाला?

५ एप्रिल
पहिली बैठक. माझा उंदीर पळवायचा प्लग आनंदीबाईंच्या भिंतीत लावून दिला, वायरी सुरक्षित राहाव्यात म्हणून. कायमची भेट. (उंदरांना मी घाबरत नाही. आवडत नाहीत, इतकंच.) पुतणी आरोही सोबत होती, इलेक्ट्रॉनिक्सला आहे. म्हणाली, काका, हा प्लग केवढा किंचाळतोय. मला काही ऐकू आलं नाही. म्हणजे आवाज नव्हताच.

६ एप्रिल, दुपारी
घरी ऐकलं. गाण्याच्या खाली घरघर. चढते, उतरते, परत चढते. त्या खोलीत असं काही नव्हतं. चहा घेऊन पुन्हा ऐकलं. आहे.

७ एप्रिल
घरी टेस्ट. हिला गायला लावलं. घरघर नाही, फक्त कुरकुर. म्हणजे मशीन निर्दोष. मग दोष त्या घरात. किंवा... लिहीत नाही. पेन नीट चालत नाहीये.

९ एप्रिल
पुन्हा गेलो. दारातूनच रेकॉर्ड केलं, हवा बरी असते. तीच घरघर. आनंदीबाई गप्प असतानाही. माणूस गप्प असताना आतून कोण घुरघुरतं? घाबरलो. इथे लिहायला हरकत नाही.
सत्य लपवणं माझ्या स्वभावात नाही. त्यांना ऐकवलं. त्यांनी गळ्यावर हात ठेवला, तो मी निघेपर्यंत काढला नाही.

११ एप्रिल
निरोप आला. नात ऋतिकाच्या हळदीला आनंदीबाई गाणार नाहीत. गळ्यात काहीतरी बसलंय, पोरीला अपशकुन नको. सून म्हणाली, पाणीसुद्धा खुणेनं मागतात.
मी फक्त रेकॉर्ड केलं. माझा काय दोष?

१२ एप्रिल
कार्ड धरणात सोडलं. मागे न बघता आलो. जवळजवळ पळत, उन्हामुळे.

१८ एप्रिल
आरोही आली. सगळी हकीकत ऐकून हसली, मग एकदम हसायची थांबली. आनंदीबाईंकडून प्लग मागून आणला, नवं कार्ड घातलं. प्लग लावला, घरघर. काढला, गप्प.
तिचं म्हणणं : प्लगचा आवाज इतका उंच की पिकल्या कानांना ऐकू येत नाही. (मी एकसष्ट आहे.) मशीनला येतो. पण सेकंदाला आठ हजार टिपणांत सेकंदाला चार हजार कंपनांपर्यंतचाच आवाज धड मावतो. त्यावरचा गाळून टाकावा लागतो, नाहीतर तो खाली घसरतो आणि खर्जातला होऊन बसतो. माझं स्वस्तातलं मशीन गाळत नाही. मोबाइलच्या व्हिडिओत पंखा उलटा फिरताना दिसतो, तसंच.
प्लग तिने जप्त केला. रेकॉर्डर मी माळ्यावर टाकला. संकल्प : उद्या आनंदीबाईंना सांगायचं.

१९ एप्रिल
ऊन फार.

२० एप्रिल
रविवार.

२२ एप्रिल
घशात खवखव. खरं म्हणजे आता आनंदीबाईंचीच भीती वाटते.

२४ एप्रिल, हळद
मांडवात डीजे. आनंदीबाई कोपऱ्यात, हात गळ्यावर. आरोहीने मला ढकललं. सगळं सांगितलं, आठ हजारसकट.
त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे माज्या गल्यात कायबी नाय?"
नाही म्हणालो.
"पंदरा दिस मी माज्या नातीशी बोलले नाय रं, राजेश."
त्यांनी डीजे बंद करायला लावला आणि गायल्या. पंधरा दिवस बंद ठेवलेला गळा, पहिली ओळ खरोखरच घरघरली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आवाज मोकळा झाला. ऋतिका रडली. मीही रडलो.
पुढची हळद धाकट्या नातवाची, डिसेंबरात. तेव्हा ४४,१०० वर, पहिल्या ओळीपासून सगळं. घरी येऊन लगेच माळ्यावरून रेकॉर्डर काढला.
माइकची वायर उंदरांनी खाल्ली आहे.