बाराव्या भागाचा टाका

मी, वय वर्षे सव्वीस, लाँड्रीत इस्त्री करणारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि पोटभर जेवून लिहीत आहे. कोणी धाक घातलेला नाही. उलट सगळे लिहू नकोस म्हणत आहेत. उद्या माझ्या पित्ताशयातले खडे काढायचे आहेत. डॉक्टर म्हणतात, यात मरायला फार कष्ट घ्यावे लागतात. तरीही लिहिलेले बरे. शाळा आठवीत सुटली, म्हणून प्रत्येक जोडाक्षर शब्दकोशात पाहून लिहिले आहे. एखादी चूक राहिलीच, तर तो डोके ठिकाणावर नसल्याचा पुरावा मानू नये.

१. खोली भाड्याची आहे, ती घरमालकाची घरमालकाला. पासबुकात असेल ते ताईचे. तिने ते भावोजींना दाखवलेच पाहिजे असे नाही.

२. माझी जुनी हलकी इस्त्री बॉयलरवाल्या काकांना. ती कपड्यांसाठी नाही. भिजलेल्या पानांवर मलमलीचा तुकडा ठेवून ती कोमट फिरवावी. काकांनी चहा सांडलेली पुस्तके मी पाच वर्षे सरळ केली; आता त्यांची त्यांनी करावीत.

३. निरीक्षकबाईंची खून-तपासाची पुस्तकमालिका, एकोणीस भाग, आधी भावोजींना, वाचून झाल्यावर परत लाँड्रीत. सहाव्या भागाच्या पहिल्याच पानावर त्यांनी पेन्सिलीने ‘खुनी दंतवैद्य’ असे लिहून ठेवले होते. जेवताना जाब विचारला, तर म्हणाले, "तुझा वेळ वाचवला." तेव्हापासून लाँड्रीत पद्धत पडली, की पुस्तक वाचून झाले की शेवटचे प्रकरण बटणाच्या दोऱ्याने एक टाका घालून बंद करायचे. पुढच्या वाचकाने तिथवर पोचल्यावरच तो तोडायचा. टाके बटणवाली घालते. गिऱ्हाइकांच्या कपड्यांची तुटलेली बटणे लावणे हे तिचे काम. एकोणीसही भागांना टाके घातलेले आहेत. भावोजींनी प्रत्येक वेळी खुनी कोण ते आधी ताईला सांगावे, मग तिने टाका तोडावा. अंदाज चुकल्यास ताईने हसावे, अशी माझी इच्छा आहे.

४. शिफारशींची वही काउंटरवरच्या मावशींना. नव्या वाचकाला पहिला भाग देऊ नये. निरीक्षकबाईंच्या लेखिकेचा हात चौथ्या भागात बसला, तिथून सुरुवात करावी. ज्याच्या घरी नुकतेच कोणी गेले आहे त्याला खून देऊ नयेत, प्रेमकथा द्यावी. लग्न ठरलेल्याला खून चालतात. "वाचायला वेळ कुठे आहे" म्हणणाऱ्याला पाचवा भाग फक्त दोन दिवसांसाठी द्यावा. तिसऱ्या दिवशी तो सहावा मागायला येतो. काका प्रेमकथा वाचतात, त्यांना वर्तमानपत्राचे कव्हर घालूनच द्याव्यात. हे शेवटचे वाक्य मोठ्याने वाचू नये.

५. नावाड्याची प्रेमकथा-मालिका, बारा भाग. एक नावाडी, एक शिक्षिका. अकरा भाग ती रोज त्याच्या नावेतून पलीकडे जाते आणि दोघे पाण्याच्या पातळीबद्दल बोलतात. ही मालिका मला बटणवालीने सुचवली. प्रत्येक भाग संपला की जेवणाच्या सुट्टीत आम्ही त्यावर बोलत आलो. बारावा भाग तीन वर्षे माझ्याकडे आहे, पण त्याचा टाका मी तोडलेला नाही. तो संपला की बोलायला काय उरेल, अशी धास्ती वाटते. शेवट गोड आहे का, एवढे विचारतो. ती म्हणते, वाच म्हणजे कळेल. हे बाराही भाग मी तिला देत आहे.

६. कलम ५ मध्ये दुरुस्ती. आज साक्षीदार म्हणून मी बटणवालीलाच बोलावले. कोर्टाबाहेर बसणाऱ्या टंकलेखकांनी मसुदा पाहून सांगितले होते, की साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही मिळत नाही. ती समोर आल्यावर ते आठवले: एक तर पुस्तके, नाहीतर सही. मी तिला म्हणालो, सहीला कोणीही मिळेल, तू पुस्तके घे. तिने हातातल्या शर्टाच्या बटणाचा दोरा दातांनी तोडला.

"मेल्यावर दिलेलं पुस्तक मला नको. मी सही करते. म्हणजे ते द्यायला तुला परत यावं लागेल."

"आणि माझं वाचून झालं नसलं तर?"

"वाचूनच दे. त्या शेवटावर बोलायला तीन वर्षं थांबलेय मी."

सबब तिला दिलेली देणगी रद्द. पहिले अकरा भाग मावशींनी सांभाळावेत. बारावा भाग कोणालाही दिलेला नाही. तो मी दवाखान्यात सोबत नेत आहे. त्याचा टाका मी सही करण्यापूर्वी दोन्ही साक्षीदारांसमक्ष तोडला.

पाने तीन. खाडाखोड दोन ठिकाणी, तिथे सह्या केल्या आहेत.

स्थळ: इस्त्रीचे टेबल, खिडकीकडची बाजू
दिनांक: ९, बुधवार, जेवणाच्या सुट्टीत

लिहून देणार: (सही)

साक्षीदार:
१. (सही) बटणवाली. तोडलेला दोरा यांनी मागून घेतला.
२. (सही) लाँड्रीचे मालक. हे वाचत नाहीत, म्हणून यांना काही ठेवलेले नव्हते.