दहा वाजताचं गाणं

लिमफ्योर्डकाठ,
रविवार, ५ एप्रिल २०२०

प्रिय मेरेते,

तुझं पत्र शुक्रवारी दुपारी मिळालं. तुझं नॉर्वेतलं क्रिस्तियानसान इथून बोटीने तीन-साडेतीन तासांवर. पत्राला नऊ दिवस लागले. हल्ली टपालालाही विलगीकरणात बसवत असावेत. मी बरा आहे. घसा तेवढा खवखवतो, त्याचं कारण पुढे येईल. तुझा दमा कसा आहे? तिकडचं बर्फ वितळलं का? विचारपूस संपली. आता मुद्द्यावर येतो, म्हणजे मुद्द्याला प्रदक्षिणा घालायला लागतो. आपले संस्कृतचे प्राध्यापक माझ्या निबंधांवर हाच शेरा मारायचे आणि तू शेजारच्या बाकावर खुसखुसायचीस.

तुझे बाबा ठणठणीत आहेत. मी या वृद्धनिवासाचा व्यवस्थापक असेन, त्यांच्या लेखी मी चौथीतला एस्बेन आणि ते माझे मास्तर. काल दाराच्या फटीतून विचारलं, "तोंडाला काही बांधलं नाहीस ते?"

"मास्तर, लक्षणं नसतील तर मास्क लागत नाही, असं वरून आलंय."

"वरून म्हणजे? देवाकडून?"

"कोपनहेगनहून."

"मग वरून कशाला म्हणतोस!"

पण खरं सांगू? मलाही काही कळेनासं झालंय. सोमवारी एका ओळीचं सूत्र येतं. मंगळवारी त्यावर भाष्य, बुधवारी भाष्यावर टीका, आणि गुरुवारी समजतं की मूळ सूत्रच रद्द झालं. तू आणि मी उमेदीची सहा वर्षं याच उद्योगात घालवली, पण तेव्हा पाठभेदाने कोणी आजारी पडत नव्हतं. मास्कची एकच पेटी आहे. ती आमच्या मुख्य परिचारिकेने, गुद्रूनने, औषधांच्या कपाटात कुलपात ठेवली आहे. कोणी मागितला तर आधी त्याचं कपाळ चाचपते.

भेटी बंद. हस्तांदोलन बंद. कॉफीचं लांब टेबलसुद्धा बंद. त्याचं दुःख भेटींपेक्षा जास्त झालं, हे नातेवाइकांना सांगत नाही. मग उरलं काय? गाणं. सगळा देश सकाळी टीव्हीसमोर गातोय, तर आम्ही का नाही? दहाच्या ठोक्याला प्रत्येकजण आपापल्या खोलीच्या उंबऱ्यात खुर्ची टाकून बसतो, दोन खुर्च्यांमध्ये फीत लावून मोजलेले दोन मीटर, आणि पॅसेजच्या मधोमध उभा राहून सुरुवात करतो कोण? ज्याला तुझ्या बाबांनी गाण्याच्या तासाला वर्गाबाहेर उभं केलं होतं, तो मी. गावच्या वर्तमानपत्रात फोटो आला: 'अंतर पाळा, सूर जुळवा.' माझं तोंड उघडं आहे आणि सहा दात दिसतात.

तू लिहितेस, बाबांचं दार सगळं संपेपर्यंत बंद ठेव. गाणं नको, गर्दी नको, दिलेला शब्द पाळ. हो, शब्द दिला होता. दार बंद आहे. दहा वाजता ते आतून काठीने ठेका धरतात. ताल सुटलेला असतो, जोर मात्र वाखाणण्याजोगा.

तेव्हा निश्चिंत राहा. ईस्टरचं कोकरू आम्हाला या वर्षी प्रत्येकाच्या ताटात वेगळं मिळणार आहे, आणि त्यावरून आत्तापासून भांडणं सुरू झाली आहेत.

तुझा,
एस्बेन


शुक्रवार, २४ एप्रिल, दुपार

प्रिय मेरेते,

तीस वर्षांत मी तुला शाईने लिहिलं नाही असं हे पहिलंच पत्र. ई-मेल आली यावरूनच तू काय ते ओळखशील आणि खालच्या ओळींवर उडी घेशील. घेऊ नकोस. बाबा आहेत. आता क्रमाने वाच, कारण मला क्रमानेच सांगता येईल, आणि तेही धड येईल की नाही ठाऊक नाही.

या आठवड्यात मी तुला दोनदा फोन केला. मंगळवारी हवेबद्दल बोललो. काल तुझ्या सफरचंदाच्या झाडाबद्दल. तुझा आवाज ऐकला की मी खोटं बोलतो, म्हणून लिहितोय.

आमच्याकडे आजार शिरला. बाबांच्या समोरच्या खोलीत एल्सेबेथ राहायची, जन्मभर लग्नाचे पोशाख शिवणारी. सगळ्यांत वरचा सूर तिचा असायचा. सतराला तिला खोकला सुरू झाला. बुधवारी पहाटे गेली. तिच्या मुलीने शेवटचं पाहिलं ते बागेतून, काचेतून. काच पुसलेली नव्हती. ती बाहेरून बाहीने पुसत होती आणि मी आतून. डाग नेमका कुणाच्या बाजूला आहे, हेच दोघांना कळेना.

बाबांना सोमवारपासून ताप आहे. बुधवारी तपासणीचं उत्तर आलं. त्यांनाही तेच आहे.

तू म्हणशील, दार तर बंद होतं.

नव्हतं, मेरेते. पाच तारखेचं पत्र लिहिलं तेव्हाच ते दोन दिवस उघडं होतं. त्या शुक्रवारी दहा वाजता काठीचा आवाज आला नाही. मी घाबरलो, गाणं अर्ध्यावर टाकलं आणि दार उघडलं. मास्तर दारामागेच खुर्चीवर बसले होते. टाय बांधलेला, मांडीवर गाण्यांचं पुस्तक. म्हणाले, "दोन आठवडे झाले, मला वर्गाबाहेर उभं केलंयस. निदान चूक तरी सांग."

मी म्हटलं, "मेरेतेला शब्द दिलाय मी."

"म्हणजे दार लावलंस ते मला वाचवायला, का तिला घाबरून?"

मी खुर्ची उंबऱ्यात ओढली. दुपारी तुझं पत्र आलं. ते वाचल्यावर दार पुन्हा लावायला हवं होतं की नाही, याचा विचार मी अजून करतोय. लावलं नाही एवढं खरं. राणीच्या वाढदिवसाला दुपारी बारा वाजता अख्ख्या देशाने गायचं होतं, तेव्हा बाबांनी टेबलावरचा छोटा झेंडा हातात धरला होता. समोर एल्सेबेथ. मधे दोन मीटर. मोजलेले.

आता म्हणतात, गाण्यातूनच पसरतं. परदेशात कुठल्या गायकवृंदाचं असंच झालं, गुद्रूनने वाचलं. आम्ही कॉफी बंद केली, चादरी वेगळ्या केल्या, दारांच्या मुठी तासातासाला पुसल्या, आणि रोज दहा वाजता सगळ्यांना छातीभर श्वास घ्यायला लावून एकमेकांच्या दिशेने सोडायला लावला. मी गुद्रूनला म्हटलं, "तू मला थांबवायचं होतंस."

ती म्हणाली, "मी? मी तर खालच्या सुरात साथ करत होते."

कदाचित गाण्याने झालंच नसेल. बदलीवर आलेली एक मुलगी दुसऱ्या वृद्धनिवासातही काम करायची. धुलाईची गाडी येते. आणि माझा घसा महिन्याच्या सुरुवातीला आठवडाभर खवखवत होता. मी म्हटलं, गाऊन गाऊन झालंय. कर्मचाऱ्यांची तपासणी पहिल्यांदा झाली ती या मंगळवारी. माझ्यात काही सापडलं नाही. गुद्रून म्हणते, ते मंगळवारचं झालं, पाच तारखेचं नव्हे. रात्री पडल्या पडल्या मी एकेकाला आरोपी करतो आणि सकाळी सोडून देतो. स्वतःलाही. तेच सगळ्यांत विचित्र वाटतं.

कालपासून बाबा दोन घासांपलीकडे खात नाहीत. आज गुद्रूनने राय धान्याच्या काळ्या पावाची लापशी केली, वर साय घालून. "मास्तर, आणखी एक चमचा. माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी तू खा. वाळलीयस."

मग मला जवळ बोलावलं. आता मी पिवळा झगा, चष्मा, मास्क असा संपूर्ण नटलेला असतो. ते पाहून म्हणाले, "एस्बेन, नाटक कुठलं आहे?" धाप लागल्यावर थांबले. नंतर म्हणाले, "मेरेतेला कळवू नकोस. बोट पकडून येईल वेडी. तिच्या छातीचं माहितीये ना तुला?"

मी "बरं" म्हणालो. म्हणजे महिन्याभरात दोन माणसांना दोन उलटे शब्द दिले आणि दोन्ही मोडले.

नियम असा आहे: भेट फक्त प्रकृती चिंताजनक असेल तर. एकाच माणसाला, झगा घालून, थोडा वेळ. आणि चिंताजनक आहे की नाही ते कोणी ठरवायचं? डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "या वयात काहीही होऊ शकतं. तुम्ही त्यांना बघताय, मी नाही." मी बघतोय खरा. ताप अडतीस पॉइंट सहा सेल्सियस. ओठ जरा निळसर, का खिडकीच्या उजेडामुळे, सांगता येत नाही. सकाळी त्यांनी माझ्या उच्चारातली चूक काढली. दुपारी मला दोनदा तुझ्या भावाच्या नावाने हाक मारली, आणि तो जाऊन अकरा वर्षं झाली.

मघाशी तीन वाजता मी अर्ज भरला. त्या रकान्यात 'चिंताजनक' लिहिलं आणि सही केली. हा शब्द खरा आहे का, मला माहीत नाही. तुला बोलवावं का, तेही माहीत नाही. तुझ्या छातीचं काय होईल, तू परत गेल्यावर विलगीकरणाचे चौदा दिवस घरात एकटी कशी काढशील, मला काहीच माहीत नाही. दार उघडलं ते चूक होतं की दोन आठवडे बंद ठेवलं ते, हे तू ठरवशील, आणि माझ्याशी बोलायचं की नाही तेही.

बोटी कमी झाल्यात, पण आपल्या डॅनिश पासपोर्टवाल्याला मायदेशी परत येताना अडवत नाहीत. उद्या सकाळची एक आहे, मी विचारून ठेवलंय. हिर्टशाल्सच्या धक्क्यावर गाडी घेऊन उभा राहतो. तू मागे बस, खिडक्या उघड्या ठेवू, वाटेत एक शब्द बोलली नाहीस तरी चालेल. आलीस आणि बाबा उठून बसून लापशी खात असले, तर त्यांच्या आणि गुद्रूनच्या समोर मला वाट्टेल ते बोल.

उत्तर लिहीत बसू नकोस. ये.

तुझा, अजून म्हणू देत असशील तर,
एस्बेन