कल्हईचं पातेलं आणि व्हेहेमेंटली

४ एप्रिल १९३६, शनिवार

कमिटीने विश्वासघात केला. शाळेतला मुलींचा इंग्रजी वर्ग जूनपासून बंद. अध्यक्ष रंगनाथराव वकील हे मला फाटकात, छत्री मिटता मिटता सांगतात! म्हणाले, बाई, मूठभर मुलींसाठी एवढा खटाटोप कशाला, घरी जाऊन त्या इंग्रजी कोणाशी बोलणार?

हा वर्ग मी उभा केला. अमिना पुढच्या वर्षी मॅट्रिकला बसायची. वर्ग गेला की तिला घरी बसवणार, असं तिचे वडील हबीबभाई स्पष्ट बोलले आहेत.

निश्चय: १८ तारखेच्या बक्षीस समारंभात, इन्स्पेक्टरसाहेबांसमोर उभं राहून इंग्रजीत एकच वाक्य बोलायचं. या निर्णयाला आमचा विरोध आहे. वाक्य तयार. 'ऑब्जेक्ट'च्या आधी एक जोरदार क्रियाविशेषण तेवढं बसवायचं. जेवणाआधी होईल.

५ एप्रिल, रविवार

झालं नाही. दोष डिक्शनरीचा. एक शब्द काढावा तर ती दुसऱ्याकडे पाठवते आणि दुसरा परत पहिल्याकडे. म्युनिसिपालिटीच्या कचेरीसारखं.

गोदू आली. माझीच विद्यार्थिनी, आता मदतनीस शिक्षिका. म्हणाली, बाई, आपण वकिलीणकाकूंना भेटू या का? त्या ऐकतील. मी सांगितलं, हा तत्त्वाचा प्रश्न आहे, तो स्वयंपाकघरात सुटत नाही. तू कोणाकडे जायचं नाहीस. ती 'बरं' म्हणाली. आज्ञाधारक मुलगी. पुढे कधीतरी, पुष्कळ वर्षांनी, वर्ग हिच्या हाती द्यायला हरकत नाही.

७ एप्रिल, मंगळवार

'स्ट्राँग्ली' बाद. तो चहाला शोभतो. 'डीपली' दुःखासाठी, मी दुःखी नाही, संतापले आहे. 'बिटरली' म्हटलं की मागून रडणं येतं. मी रडत नाही. 'फोर्सिबली' म्हणजे पोलीस दार फोडून आत शिरले. 'फर्मली' बरा, पण तेवढा फर्मपणा मी रोज दूधवाल्याशीच करते.

अमिनाने विचारलं, बाई, नुसतंच 'वुई ऑब्जेक्ट' म्हटलं तर? हुशार आहे, पण लहान आहे.

९ एप्रिल, गुरुवार

गोदूने माझं मोठं कल्हईचं पातेलं मागितलं. वकिलांकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे, पन्हं करायचंय. वर्गातल्या मुलींना हाताखाली नेते म्हणाली. त्यांच्या आयांनाही बोलावणं आहे. अमिनाची आई गजरे घेऊन येणार. इकडे वर्ग बुडतोय आणि यांना कैऱ्या उकडायच्यात! सुनावलं. पातेलं दिलं. दोन कडा धरून गोदू आणि अमिना निघाल्या. दारात गोदू उगाच घुटमळली. काही बोलायचं असावं. मी म्हटलं, कल्हई खरवडू नका. गेली.

मला हळदीकुंकवाला कोणी बोलावत नाही. विधवेला कोन बोलावतंय बाई, असं आमची भांडी घासणारी बायडाबाई म्हणते. ती सायखेड्याची, तिला काय कळणार. लोकांना माझ्या वेळेची किंमत आहे.

१२ एप्रिल, रविवार

बायडाबाई बातम्या घेऊन आली. बाई, वकिलाकडं लय गर्दी व्हती. समद्या पोरींच्या आया. तुमची गोदूताई तर वकिलीणबाईच्या कानाला लागूनच बसली व्हती. आन् वकिलीणबाई अशी मान हालवीत व्हत्या, अशी. तिने भांड्याच्या राखेसकट मान हलवून दाखवली.

मी म्हटलं, पन्हं पोटात गेलं की बायका कशालाही मान हलवतात. ती म्हणाली, ते खरं, पन आपलं पातेलं कवा देनार?

१५ एप्रिल, बुधवार

'व्हेहेमेंटली', म्हणजे त्वेषाने. सापडला! देवळाली सोडून आगगाडीने वेग घ्यावा तसा शब्द आहे. आरशासमोर सराव केला. बायडाबाई ओल्या हातांनी धावत आली. कोनाला झापता बाई? घरात तर कोनी नाय. मी म्हटलं, कमिटीला. ती म्हणाली, मंग मांजर का पळालं?

संध्याकाळी गोदूला ऐकवला. म्हणाली, छान आहे बाई, पण कदाचित बोलायची वेळच येणार नाही. मी तिला धीर दिला. घाबरू नकोस, बोलायचं मला आहे.

१८ एप्रिल, शनिवार, दुपार

विजय.

साहेब मधल्या खुर्चीत. रंगनाथराव पुष्कळ वेळ मराठीत काहीबाही बोलले. मी ऐकलं नाही. जोर 'व्हे'वर द्यावा की 'मेंट'वर, हे मनात घोळवत होते. टाळ्या झाल्या. मागे बसलेल्या आयांनी तर जरा जास्तच वाजवल्या. गोदूने माझा पदर ओढला. बाई, बसा, काम झालंय, असं काहीतरी कुजबुजली. ऐनवेळी धीर सुटला बिचारीचा. मी उठले. वुई व्हेहेमेंटली ऑब्जेक्ट टु धिस डिसिजन!

साहेबांनी चष्मा काढून आधी माझ्याकडे पाहिलं, मग रंगनाथरावांकडे. रंगनाथरावांचा चेहरा पडला. अमिनाच्या डोळ्यांत पाणी. आनंदाचंच. एका शब्दात केवढी ताकद असते!

२० एप्रिल, सोमवार

विश्वासघात. आधीचा काहीच नव्हता.

रंगनाथरावांनी बोलावलं. शनिवारी ते मराठीत काय बोलले ते आज कळलं: बंदीचा ठराव मागे घेतला, वर्ग चालू राहणार. म्हणाले, हळदीकुंकवाच्या दिवसापासून आमच्या घरात मला धड जेवू दिलं नाही. शेवटी कमिटीला राजी केलं, भर सभेत जाहीर केलं, आणि तुम्ही उठून साहेबांना सांगता, या निर्णयाला आमचा विरोध! साहेब मला विचारतात, मुलींच्या शिक्षणावर एवढ्या तुटून पडणाऱ्या या बाई कोण?

मी खुलासा करू लागले. ते म्हणाले, नको. तुमचा इतका विरोध आहे तर वर्ग तुमच्या गळ्यात मारणं बरं नव्हे. जूनपासून गोदू घेईल. तुम्ही शिवण घ्या.

शिवण!

गोदूला जाब विचारला. तुला बजावलं होतं ना? म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं नसतं. मी म्हटलं, मग मला का नाही नेलंस? ती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. एरवी एवढी बोलणारी मुलगी.

मी म्हटलं, आणि तेही माझ्याच पातेल्यात! ती म्हणाली, बाई, एवढं मोठं दुसऱ्या कोणाकडे नव्हतं.

२२ एप्रिल, बुधवार

निश्चय: एक, कमिटीला लेखी निषेध. दोन, गोदूशी जन्मात बोलायचं नाही. तीन, 'व्हेहेमेंटली' या दगाबाज शब्दाचं पुन्हा तोंड पाहायचं नाही. 'एम्फॅटिकली' कसा वाटतो? बघते.

२४ एप्रिल, शुक्रवार

'एम्फॅटिकली' बाद. निषेध अर्धाच राहिला. शिवणाच्या सुया आणल्या. दोरा बायडाबाईने ओवून दिला.

आज अक्षय्यतृतीया, चैत्रगौरीचा शेवटचा दिवस. संध्याकाळी गोदू आणि अमिना पातेलं घेऊन आल्या. तळाशी झाकलेली वाटी, वाटीत आंबेडाळ. गोदू म्हणाली, आज आमच्याकडे हळदीकुंकू होतं. ही तुमच्या वाट्याची. अमिना म्हणाली, बाई, अब्बा हो म्हणाले. मी मॅट्रिकला बसतेय.

मग दोघी तशाच उभ्या राहिल्या. मी काही बोलेन असं वाटलं असावं. मी पातेलं उजेडात धरून पाहिलं आणि म्हटलं, कल्हई गेली. त्या गेल्या.

कोणाच्या हळदीकुंकवाची डाळ या घरात आजवर आली नव्हती. उभ्या उभ्या सगळी खाल्ली. आंबट होती. किती, ते पाहायला डिक्शनरी उघडली नाही.